जहाजाचा ‘टन’ म्हणजे काय?

आपल्या अभ्यासवर्गातील एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारलेल्या प्रश्नातून हा लेख जन्माला आला आहे. त्याने वर्तमानपत्रातील दोन कात्रणे आणली होती. एका कात्रणात मुंबईहून सुटणाऱ्या ‘एम्प्रेस’ या पर्यटन जहाजाचे टनेज ४८,५६३ असल्याचे छापले होते. दुसऱ्यात २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ सुमारे ४५,००० टनांची असल्याचे लिहिले होते. मुलाचा प्रश्न सरळ होता : “मग सहलीचे जहाज युद्धनौकेपेक्षा जड का?”

आम्ही चटकन ‘हो, आकडा तेच सांगतो’ असे म्हणून गेलो. पण मनात शंका राहिली. विक्रांतची लांबी २६२ मीटर, एम्प्रेसची सुमारे २११ मीटर. विक्रांतवर विमाने, इंधन आणि दारूगोळा, तर एम्प्रेसवर खोल्या, भोजनगृहे आणि नाट्यगृह. मग जड कोण? पुस्तके उघडून पाहिली तेव्हा आपले उत्तर चुकले, हे कळून आले. दोन्ही कात्रणांत ‘टन’ हा शब्द होता, परंतु दोन्हीकडे त्याचा अर्थ निरनिराळा होता. ही चूक आमची एकट्याची नसावी, असे वाटल्यावरून स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

विषय दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. रोहा आणि अष्टमी ही गावे कुंडलिकेच्या दोन काठांवर वसली आहेत. हीच नदी पुढे खाडी होऊन रेवदंडा-साळावपाशी समुद्राला मिळते. पूर्वी याच पाण्याने भरतीच्या वेळा साधून मचवे आणि पडाव माल घेऊन ये-जा करीत. शिवाय आपल्या रायगड जिल्ह्यातील किती तरी मुले आज बंदरात आणि जहाजांवर नोकरी शोधतात. तेव्हा जहाजाचे माप आपल्याला कळलेच पाहिजे.

खंडीचा दाखला

आधी आपल्याच घरातले एक माप घेऊ. खंडी हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी सर्रास असे. वीस मणांची एक खंडी. पण भाताची खंडी आपण पायलीने मोजत होतो, म्हणजे ते माप भांड्यात मावणाऱ्या जागेचे होते. पायलीचा हिशेब गावागणिक थोडा बदलेही. उलट कापसाच्या बाजारातील खंडी म्हणजे ७८४ पौंड, सुमारे ३५६ किलो वजन. शब्द एकच, परंतु एका ठिकाणी ती जागा मोजते आणि दुसऱ्या ठिकाणी वजन. कोकणातील होड्याही खंडीनेच ओळखल्या जात. ‘अमुक खंडीचा मचवा’ म्हटले की तो किती माल उचलतो, हे समजत असे.

टनाचे नेमके असेच झाले आहे. युरोपात दारूची मोठी पिंपे जहाजातून जात, त्या पिंपाला ‘टन’ म्हणत. एका पिंपात २५२ गॅलन दारू मावे आणि भरलेले पिंप साधारण २,२४० पौंड भरे. जहाजात किती पिंपे राहतात, यावर बंदराची पट्टी ठरे. म्हणजे आरंभापासूनच या शब्दात जागा आणि वजन ही दोन्ही मापे गुंतलेली होती. पुढे ती वेगळी झाली, पण नाव एकच राहिले. आंग्र्यांच्या आरमारातील गुराबे दीडशे ते तीनशे टनांची आणि गलबते बहुधा सत्तर टनांच्या आतली, असे इंग्रज इतिहासकार लिहितात, तेव्हा त्यांच्या मनात असेच माल वाहण्याचे माप होते.

चार निरनिराळे टन

आज जहाजाच्या बाबतीत ‘टन’ शब्द मुख्यतः चार अर्थांनी येतो. विद्यार्थ्यांनी ते वेगवेगळे लक्षात ठेवावेत.

पहिले, विस्थापन. बादलीत लोटा ठेवला की पाणी वर चढते. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन म्हणजे त्या जहाजाचे खरे वजन. युद्धनौका याच मापाने सांगितल्या जातात. विक्रांतचे ४५,००० टन हे वजन आहे.

दुसरे, डेडवेट. जहाज किती ओझे उचलू शकते, त्याचे हे माप. यात माल, इंधन, पाणी, शिधा, खलाशी, प्रवासी असे सर्व येते. आपला खंडीचा मचवा याच जातीचा. तेलवाहू आणि कोळसावाहू जहाजांच्या बाबतीत हा आकडा महत्त्वाचा असतो.

तिसरे, ग्रॉस टनेज. हे वजन मुळीच नव्हे. जहाजाच्या आत बंदिस्त जागा एकूण किती, याचे हे माप. पर्यटन जहाजाच्या बातमीत छापला जाणारा आकडा बहुतेक वेळा हाच असतो. एम्प्रेसचे ४८,५६३ हे ग्रॉस टनेज आहे.

चौथे, नेट टनेज. एकूण जागेपैकी माल आणि प्रवासी यांच्या उपयोगाची, म्हणजे कमाईची जागा किती, हे यावरून कळते. प्रवासी जहाजासाठी त्याच्या सूत्रात प्रवाशांची संख्याही धरतात.

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. एक आकडा वजनाचा आणि दुसरा जागेचा असल्याने त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. आधुनिक पर्यटन जहाजाचे वजन त्याच्या ग्रॉस टनेजच्या आकड्याहून पुष्कळ कमी, साधारण निम्म्याच्या आसपास असते. तेव्हा विक्रांतच जड.

जागा कशी मोजतात?

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जहाजाची फक्त लांबी-रुंदी मोजीत आणि खोली रुंदीच्या निम्मी आहे असे धरून चालत. कर या मापावर असल्याने मालकांनी पळवाट काढली. त्यांनी अरुंद आणि खोल जहाजे बांधली. माल जास्त मावे, कर कमी बसे, पण अशी जहाजे समुद्रात डळमळत. माप चुकीचे असले की माणूस त्या मापाला फसवायला पाहतो, आणि त्याची किंमत खलाशी आपल्या जिवाने मोजतो.

यावर उपाय म्हणून जॉर्ज मूरसम यांची पद्धत १८५४ च्या ब्रिटिश कायद्याने लागू झाली. जहाजाचा आतला भाग प्रत्यक्ष मोजायचा आणि दर १०० घनफुटांना एक ‘रजिस्टर टन’ म्हणायचे, अशी ती पद्धत. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली म्हणजे १,००० घनफूट, अर्थात दहा रजिस्टर टन. इतके सोपे. परंतु कोणत्या जागा धरायच्या आणि कोणत्या सोडायच्या, याबद्दल देशोदेशी निराळे नियम झाले. काही मालक बंद जागेला नावापुरते एक भोक ठेवून ती ‘उघडी’ असल्याचे दाखवीत.

अखेर २३ जून १९६९ रोजी लंडन येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. तो १८ जुलै १९८२ पासून नव्या जहाजांना लागू झाला आणि जुन्या जहाजांना बारा वर्षांची मुदत मिळून १८ जुलै १९९४ पासून त्यांनाही लागू झाला. आपल्या देशात नौवहन महासंचालनालयाच्या अधिकाराखाली मापन होऊन जहाजाला टनेजचा दाखला दिला जातो.

नवी पद्धत अशी. प्रथम जहाजातील सर्व बंदिस्त जागांचे आकारमान घनमीटरमध्ये काढायचे. नंतर हे सूत्र वापरायचे :

ग्रॉस टनेज = आ × (०.२ + ०.०२ × लॉग आ)

येथे ‘आ’ म्हणजे एकूण आकारमान आणि लॉग दहाच्या पायाचा. समजा, आकारमान १,००० घनमीटर आहे. एक हजाराचा लॉग ३. म्हणून कंसातील आकडा ०.२६ आणि ग्रॉस टनेज २६०. आकारमान एक लाख घनमीटर असेल, तर लॉग ५, कंसातील आकडा ०.३० आणि ग्रॉस टनेज ३०,०००. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी वहीत आणखी दोन-तीन उदाहरणे करून पाहावीत. या उत्तराला ‘टन’ हे एकक लावीत नाहीत, नुसताच आकडा सांगतात. बातमीदार सवयीने पुढे ‘टन’ जोडतात आणि आमच्यासारखे फसतात.

समाजमंदिराचे माप

आकडे डोळ्यांपुढे उभे राहावेत म्हणून एक ओळखीची जागा घेऊ. समजा, आपल्या एखाद्या वाडीवरच्या समाजमंदिराचे सभागृह ६० फूट लांब, ३० फूट रुंद आणि १२ फूट उंच आहे. त्याचे आकारमान २१,६०० घनफूट, म्हणजे जुन्या हिशेबाने २१६ रजिस्टर टन. मीटरमध्ये ते सुमारे ६१२ घनमीटर होते आणि नव्या सूत्राने ग्रॉस टनेज सुमारे १५६ येते. सभागृह रिकामे असो वा लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेले, हा आकडा बदलत नाही, कारण तो जागेचा आहे.

आता सूत्र उलटे चालवू. एम्प्रेसचे ४८,५६३ म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार घनमीटर, अर्थात अशी सुमारे २६० सभागृहे. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या अजस्र पर्यटन जहाजाचे ग्रॉस टनेज २,४८,६६३ आहे. त्याची बंदिस्त जागा सुमारे ७ लाख ८२ हजार घनमीटर, म्हणजे जवळजवळ १,२८० सभागृहे एका जहाजात!

याच्याशी ‘सीवाइज जायंट’ या तेलवाहू जहाजाची तुलना करून पाहा. जपानमध्ये बांधलेले हे जहाज पुढे अनेक नावांनी चालले आणि २०१० मध्ये गुजरातेत अलंग येथे मोडीत निघाले. त्याचे ग्रॉस टनेज सुमारे २ लाख ६१ हजार होते, म्हणजे ‘आयकॉन’च्या जवळपास. परंतु ते ५ लाख ६४ हजार टन ओझे उचलत असे आणि भरल्यावर त्याचे एकूण वजन साडेसहा लाख टनांच्या वर जाई. भरलेल्या जहाजाचे बूड पाण्यात २४ मीटरहून अधिक खोल जाई. ‘आयकॉन’ पाण्यात जेमतेम नऊ मीटर बुडते. जागा जवळपास सारखी, पण एकात तेल भरलेले आणि दुसऱ्यात खोल्या, जिने, दालने, म्हणजे बरीचशी हवा. म्हणूनच पर्यटन जहाज पाण्यावर एखाद्या उंच इमारतीसारखे दिसते. ते कलंडू नये म्हणून यंत्रे, इंधन आणि पाण्याच्या टाक्या तळाशी ठेवतात आणि बूड रुंद बांधतात. आपले तांडेल रिकाम्या गलबताच्या तळाशी दगडमातीचे ‘नीरम’ भरीत, त्यामागचे तत्त्व हेच.

या मापाचा उपयोग काय?

बंदराची पट्टी मुख्यतः ग्रॉस टनेजवर आकारली जाते. मात्र धक्क्याला जहाज लागेल की नाही, हे टनेज सांगत नाही. त्यासाठी लांबी आणि डूब पाहावी लागते. मुंबईत बॅलार्ड पिअर येथे नव्या आंतरराष्ट्रीय पर्यटन जहाज स्थानकाचे उद्‌घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. तेथेही विचार जहाजाच्या लांबीचा आणि पाण्याच्या खोलीचाच करावा लागतो.

जहाजावरील अधिकाऱ्यांची प्रमाणपत्रेही ग्रॉस टनेजप्रमाणे ठरतात. ५०० आणि ३,००० हे त्यातील दोन महत्त्वाचे टप्पे आहेत. जी मुले बोटीवर नोकरीची स्वप्ने पाहतात, त्यांना परीक्षेत हे विचारले जाईलच.

प्रवाशांना किती ऐसपैस जागा आहे, याचाही अंदाज यावरून बांधतात. ग्रॉस टनेजला प्रवाशांच्या संख्येने भागायचे. ‘आयकॉन’वर एका खोलीत दोघे या हिशेबाने ५,६१० प्रवासी धरले, तर माणशी सुमारे ४४ येतात. एम्प्रेसवर सुमारे ८०० खोल्या आहेत. दोघांप्रमाणे १,६०० प्रवासी धरले, तर माणशी सुमारे ३० येतात. हे झाले हौसेच्या प्रवासाचे गणित. आता गरजेच्या प्रवासाचे गणित पाहू.

‘रामदास’ची आठवण

आपल्या जिल्ह्यातील वडीलधाऱ्या मंडळींना ‘रामदास’ बोटीचे नाव सांगावे लागत नाही. १७ जुलै १९४७, गुरुवार. गटारीचा सण. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी ही बोट रेवसकडे निघाली. मुंबईत कष्ट करणारी आपली माणसे सणासाठी घरी येत होती. पाऊस आणि वारा होता. काश्याच्या खडकाजवळ प्रचंड लाटेने बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट पाहता पाहता उलटली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नसल्याने मुंबईला वेळेवर वार्ताही मिळाली नाही. रेवसच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्यांतून काहींना वाचविले. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता.

‘रामदास’ १७९ फूट लांब, २९ फूट रुंद आणि ४०६ टनांची होती. आपल्या हिशेबाने ४०६ टन म्हणजे ४०,६०० घनफूट. आपल्या कल्पनेतील सभागृहे दोनसुद्धा भरत नाहीत. उघडा डेक या मापात येत नाही, हे खरे. तरीही बुडालेली सहाशे माणसेच धरली, तरी माणशी एक टनसुद्धा वाट्याला येत नाही. एम्प्रेसवर तीस आणि येथे एकाहूनही कमी!

परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ४०६ हा आकडा ‘रामदास’ किती माणसे सुरक्षित नेईल, हे सांगतच नव्हता. टनेज जागा सांगते. बोट किती कलली म्हणजे परत सरळ होईल, गर्दी एका बाजूला गेली तर काय होईल, जीवरक्षक साधने किती आहेत, यांपैकी काहीच ते सांगत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते.

हीच चूक जगात सर्वांत गाजलेल्या अपघातातही दिसते. ‘टायटॅनिक’चे टनेज ४६,३२८ होते. त्या काळच्या ब्रिटिश नियमात जीवरक्षक होड्यांची संख्या जहाजाच्या टनेजवर ठरत असे आणि नियमाची सर्वांत वरची पायरी होती १०,००० टन व त्याहून अधिक. तेवढ्याला १६ होड्या पुरेत, असे नियम म्हणत होता. टायटॅनिकवर २० होड्या होत्या, म्हणजे नियमाहून जास्तच. त्यांत १,१७८ माणसांची सोय होती आणि जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे सुमारे दीड हजार माणसे मरण पावली. नियम पाळूनही माणसे मेली, कारण नियमाने जहाजाची जागा मोजली, माणसे मोजली नाहीत.

१९१४ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ही चूक सुधारली. जहाजावर जितकी माणसे, तितक्यांची सोय, असे तत्त्व आले. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तर बारापेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरते, मग त्याचे टनेज कितीही असो. तेथे मोजणी डोक्यांचीच होते.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, बातमीत जहाजाचा आकडा वाचाल तेव्हा प्रथम विचारा : हा टन कशाचा? जागेचा, वजनाचा की ओझ्याचा? जहाज युद्धनौका असेल तर बहुधा वजनाचा, तेलवाहू असेल तर ओझ्याचा, पर्यटन जहाज असेल तर जागेचा. एवढे लक्षात ठेवलेत, तरी पुष्कळ गोंधळ टळेल.

आणि सभासद बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी फार थोडे जण अशा पर्यटन जहाजावर जातील. पण रेवसची बोट, मांडव्याची बोट, घारापुरीची सहल, खाडीतली तर, या आपल्या रोजच्या वाटा आहेत. प्रवासी बोटीला किती माणसे नेण्याची परवानगी आहे, हे तपासणी करून ठरविलेले असते आणि आपल्या किनाऱ्यावर हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. बोटीत पाय ठेवण्यापूर्वी तो आकडा विचारावा. जीवरक्षक जाकिटे कोठे आहेत ते पाहावे आणि दिले तर लाजू नये, अंगात घालावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. अपघात सांगून येत नाही, हे त्या दिवशी पुन्हा दिसले. बोट भरली असेल तर पुढच्या बोटीची वाट पाहावी. सणावारी घाई असते, पण ‘रामदास’ही सणाच्याच दिवशी निघाली होती.

ज्या मुलाने आम्हाला हा प्रश्न विचारला, त्याचे आम्ही ऋणी आहोत. त्याच्यामुळे आमचे चुकीचे उत्तर सुधारले. पुढच्या वर्गात त्याने फळ्यावर आपल्या सभागृहाचे टनेज स्वतः काढून दाखविले आणि मग विचारले, “यात माणसे किती बसवायची, ते कोणते सूत्र सांगते?” आम्ही म्हणालो, टनेजचे सूत्र ते सांगत नाही. ते बोटीची नीट तपासणी करून ठरवावे लागते, आणि ठरल्यावर पाळावे लागते.